नॉर्मल अहवाल आणि ढळणारा तोल

कोविड-१९ च्या संसर्गातून बाहेर पडल्यानंतर महिनोन्महिने ज्यांचा तोल जातो, अशा रुग्णांविषयी एक मत आता इतके रुळले आहे की ते मांडणाऱ्याला पुरावा देण्याची गरजही भासत नाही. मेंदूच्या एमआरआयमध्ये काही आढळले नाही, कानाच्या तपासणीत दोष निघाला नाही, रक्ताचे अहवाल ठीक आहेत, तेव्हा उरते ती भीती, अशक्तपणा किंवा अंथरुणावर काढलेल्या दिवसांचा परिणाम, असे या मताचे थोडक्यात स्वरूप आहे. ते मांडणारे सगळे निष्काळजी असतात असे मुळीच नाही. त्यांतले बरेच जण रुग्णाला तपासण्यांच्या फेऱ्यातून वाचवू पाहणारे अनुभवी डॉक्टर असतात, आणि म्हणूनच या मताचा प्रतिवाद करायचा तर तो त्याच्या सर्वांत बळकट रूपाचा करावा लागतो. तसा तो केला की दिसते ते असे की, ‘आढळले नाही’ या वाक्यावरून ‘नाही’ या वाक्यावर मारलेली उडी हाच या मताचा मुख्य आधार आहे, आणि जिथून ती उडी मारली जाते त्या तपासण्या मुळात माणसाचा तोल तपासण्यासाठी बनलेल्याच नाहीत.

अशा रेंगाळणाऱ्या त्रासाला लाँग कोविड हे नाव एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ महिलेने २०२० च्या मे महिन्यात, स्वतः आजारी असताना, वापरात आणले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या अवस्थेची व्याख्या केली : संसर्गानंतर साधारणपणे तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने ज्यांचा उलगडा होत नाही अशी लक्षणे. रुग्ण-संशोधकांनीच केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ५६ देशांतील ३,७६२ लोकांनी मिळून २०३ लक्षणे नोंदवली, त्यांत चक्कर आणि तोल जाणे होते. अमेरिकेच्या ‘रिकव्हर’ प्रकल्पाने २०२३ मध्ये लाँग कोविड ओळखण्यासाठी जी बारा लक्षणे वेगळी काढली, त्यांतही चक्कर आहे. अशा पाहण्यांवर स्वनिवेदनाचा आक्षेप घेता येतो आणि तो रास्तही आहे. त्यामुळे केवळ रुग्णांच्या सांगण्यावर न थांबता शरीर उभे कसे राहते या प्रश्नापासून सुरुवात करणे आवश्यक ठरते.

उभे राहणे ही स्थिर अवस्था वाटते, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती सतत चाललेली दुरुस्ती असते. माणसाच्या शरीराचा गुरुत्वमध्य कमरेच्या आसपास, म्हणजे बराच उंचावर असतो आणि त्याखालचा आधार दोन पावलांपुरता अरुंद असतो, त्यामुळे निरोगी माणूसही उभ्या जागी अविरत थोडा थोडा डोलत असतो आणि घोट्यांचे व नितंबांचे स्नायू ते डोलणे प्रत्येक क्षणी मर्यादेत आणतात. या दुरुस्तीसाठी मेंदूला तीन दिशांनी माहिती मिळते. पहिली डोळ्यांकडून; दुसरी पायांचे तळवे, स्नायू आणि सांधे यांच्याकडून, जिला स्थितिजाणीव म्हणतात, म्हणजे डोळे मिटलेले असतानाही आपला पाय कुठे आहे याचे भान; आणि तिसरी आंतरकर्णातील तोलेंद्रियांकडून, ज्यांत डोक्याचे वळणे टिपणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि गुरुत्वाची दिशा व सरळ रेषेतील हालचाल टिपणाऱ्या दोन पिशव्या असतात. ही माहिती मेंदूच्या देठात आणि लहान मेंदूत एकत्र होते, तिच्यातील विसंगती मिटवल्या जातात आणि स्नायूंना आदेश जातात. डोके हलले तरी नजर स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया तर १० मिलिसेकंदांच्या आत घडते, म्हणजे विचाराला तिथे वावच नसतो.

या तीन स्रोतांचे वजन परिस्थितीप्रमाणे बदलते, आणि सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. तोलाच्या अभ्यासक फे होराक यांनी २००६ च्या एका निबंधात दिलेल्या अंदाजानुसार, चांगल्या उजेडात आणि घट्ट जमिनीवर उभा असलेला निरोगी माणूस सुमारे ७० टक्के स्थितिजाणिवेवर, १० टक्के दृष्टीवर आणि २० टक्के आंतरकर्णावर विसंबतो. जमीन अस्थिर झाली की हे प्रमाण उलटते आणि आंतरकर्णाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास जातो. मेंदूने हे वजन वेळेवर आणि योग्य प्रमाणात बदलणे यालाच संवेदी पुनर्भारण म्हणतात. आता दवाखान्याची खोली पाहावी : फरशी सपाट, ट्यूबलाइटचा उजेड भरपूर, रुग्ण खुर्चीवर बसलेला, आणि फार तर त्याला दोन पावले चालायला सांगितलेले. ज्याचे पुनर्भारण बिघडले आहे तो या खोलीत ठीक उभा राहील, कारण इथे पुनर्भारणाची गरजच पडत नाही. तोच माणूस पहाटेच्या अंधारात नांगरटीच्या ढेकळांवरून, हातात बादली घेऊन आणि कोणाशी बोलत चालला तर भेलकांडेल. चैत्राच्या उन्हात कौले कोरडी पाहून छप्पर गळत नाही असा दाखला द्यावा, तसा हा प्रकार आहे.

एमआरआयची मर्यादा आणखी मूलभूत आहे. हे यंत्र आडव्या, निश्चल माणसाच्या मेंदूची रचना दाखवते. गाठ, पक्षाघात, मोठी झीज, मज्जावरणाचे डाग हे त्यात दिसतात, आणि ते नाहीत हे कळणे मोलाचेही असते. परंतु आंतरकर्णातील केसपेशी, म्हणजे ज्यांच्या टोकाशी असलेले सूक्ष्म केस वाकल्याने तोलाचा संदेश निर्माण होतो त्या पेशी, नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसण्याइतक्या मोठ्या नसतात. त्वचेतील सूक्ष्म चेतातंतूही दिसत नाहीत. आणि दोन केंद्रांमधील संदेशाला लागणारा उशीर तर चित्राचा विषयच नव्हे. कानाच्या तपासणीचेही तसेच आहे. कानात गार व कोमट पाणी किंवा हवा सोडून केली जाणारी कॅलरिक चाचणी, जिच्या शरीरशास्त्रीय उलगड्याशी १९१४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी रॉबर्ट बारानी यांचे नाव जोडलेले आहे, ती तीनपैकी प्रामुख्याने एकाच नलिकेची, आणि तीही दैनंदिन हालचालींपेक्षा कितीतरी मंद वेगाची परीक्षा असते. हाल्माग्यी आणि कर्थॉइस यांनी १९८८ मध्ये वर्णन केलेली डोक्याच्या झटक्याची चाचणी वेगवान हालचालीतील दोष पकडते, पण गुरुत्व टिपणाऱ्या पिशव्यांविषयी काही सांगत नाही. त्यांच्यासाठी तिसरीच चाचणी लागते. या सर्व चाचण्यांपैकी एखादीच करून ‘कान ठीक आहे’ असे लिहिणे म्हणजे पाच इंद्रियभागांपैकी एकाचा निर्वाळा सगळ्यांना लावणे होय, आणि पाचही ठीक निघाले तरी त्यांच्याकडून आलेली माहिती जिथे एकत्र होते त्या ठिकाणाविषयी अद्याप काहीच विचारलेले नसते.

तो प्रश्न विचारणारी साधने अस्तित्वात आहेत आणि ती नवीनही नाहीत. मोरिट्झ रोमबर्ग या जर्मन चेतातज्ज्ञाने १८४० च्या दशकात दाखवले की पाठीच्या कण्यातील स्थितिजाणिवेचे मार्ग खराब झालेला माणूस डोळे उघडे ठेवून उभा राहू शकतो, पण डोळे मिटताच कोसळतो. लुईस नॅशनर यांनी विसाव्या शतकात हेच तत्त्व यंत्रावर नेले : रुग्ण फोर्स प्लेटवर, म्हणजे पावलांखालच्या दाबाचे केंद्र क्षणोक्षणी नोंदणाऱ्या पाटावर, उभा राहतो आणि सहा परिस्थितींत त्याचे डोलणे मोजले जाते, कधी डोळे मिटलेले, कधी भोवतीची भिंत त्याच्यासोबतच हलणारी, कधी पायाखालचा पाट हलणारा. ही चाचणी अवकाशातून परतलेल्या अंतराळवीरांवर वापरली गेली आहे, आणि तिथे कोणी ‘अहवाल नॉर्मल, मनाचा खेळ’ असे म्हटलेले नाही. शमवे-कुक आणि होराक यांनी १९८६ मध्ये त्याच चाचणीची फोमच्या जाड तुकड्यावर करता येणारी स्वस्त आवृत्ती मांडली. लाँग कोविडच्या रुग्णांवर अशी मोजमापे वेगवेगळ्या देशांत झाली आहेत, आणि ज्यांना रुग्णालयात दाखलही व्हावे लागले नव्हते अशांमध्येही डोळे मिटल्यावर, मऊ पृष्ठभागावर किंवा उभे असताना मनात आकडेमोड करायला लावल्यावर डोलणे निरोगी तुलनागटापेक्षा जास्त आढळल्याचे अहवाल आहेत. हे अभ्यास बहुतेक लहान आहेत, त्यांतील रुग्ण निवडून आलेले आहेत आणि त्यांच्या संसर्गापूर्वीच्या नोंदी नाहीत, हे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य केले पाहिजे. पण त्या मर्यादेतून निघणारा निष्कर्ष ‘मोठे अभ्यास करा’ हा आहे. ‘मोजूच नका’ हा नव्हे.

आकडेमोडीचा उल्लेख वर आला, त्यावर थोडे थांबावे लागेल, कारण लाँग कोविडमध्ये तोल आणि लक्ष यांची गाठ विशेष घट्ट असते. तोल आपोआप सांभाळला जातो तेव्हा मन मोकळे असते; एखादा स्रोत अविश्वसनीय झाला की मेंदू जाणीवपूर्वक लक्ष देऊन तूट भरून काढतो. १९९७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले होते की चालता चालता बोलायची वेळ आली की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काळात पडण्याची शक्यता अधिक असते, कारण त्यांच्याकडे दोन्हींसाठी पुरेसे लक्ष शिल्लक नसते. लाँग कोविडच्या रुग्णांत विचार सुचेनासे होणे, शब्द न आठवणे, लक्ष टिकवता न येणे ही तक्रार सर्रास असते, म्हणजे ज्या राखीव साठ्यातून तोलाची तूट भरायची तोच आटलेला असतो. ब्रिटनच्या बायोबँकेतील ७८५ व्यक्तींच्या संसर्गापूर्वीच्या आणि नंतरच्या मेंदूचित्रांची तुलना २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आली, तीत संसर्ग झालेल्या ४०१ जणांच्या गटात मेंदूच्या काही भागांची अधिक झीज दिसली आणि आकलनातील घसरणीचा संबंध लहान मेंदूच्या एका विशिष्ट पाळीच्या आकारमानाशी आढळला. ही पाळी मुख्यतः आकलनाशी संबंधित आहे, शरीराच्या तोलाशी नव्हे, त्यामुळे लाँग कोविडच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हा अभ्यास तोलाच्या बिघाडाचा थेट पुरावा म्हणून वापरू नये. मात्र सौम्य संसर्गानंतर मेंदूत मोजता येण्याजोगे काहीच घडत नाही या विधानाला तो पुरेसा छेद देतो. एका व्यक्तीच्या चित्रावर डोळ्यांनी न दिसणारा बदल शेकडो लोकांच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांतून दिसला, एवढ्यानेही ‘एमआरआय स्वच्छ’ या दोन शब्दांचे वजन बरेच उतरते.

आंतरकर्णाबाबतही प्रयोगशाळेतील एक दुवा उपलब्ध आहे. अमेरिकेतील एमआयटी आणि बॉस्टनच्या नेत्र-कर्ण रुग्णालयातील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की मानवी आंतरकर्णाच्या केसपेशींवर आणि त्यांच्या चेतातंतूंभोवतीच्या पेशींवर विषाणूला आत घेणारी प्रथिने असतात आणि विषाणू या पेशींना बाधित करू शकतो. बशीतील पेशींवरून प्रत्येक रुग्णाच्या कानात काय घडले हे ठरत नाही. तरीही ‘श्वसनाचा विषाणू कानात कसा जाईल’ हा प्रश्न आता तितक्याशा आत्मविश्वासाने विचारता येत नाही.

आतापर्यंतची चर्चा कान आणि मेंदू यांच्यापुरती होती, परंतु उभ्या माणसाचा मेंदू रक्तपुरवठ्यावरही अवलंबून असतो. माणूस उभा राहिला की गुरुत्वामुळे अर्ध्या-पाऊण लिटरच्या आसपास रक्त पोट आणि पायांकडे उतरते आणि स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे हृदयगती व रक्तवाहिन्यांचे आकुंचन आपल्या नकळत चालवणारी यंत्रणा, ते सावरते. ती चुकली तर दोन प्रकारचे चित्र दिसते : उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरणे, किंवा रक्तदाब तसा न उतरता दहा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढणे, ज्याला पॉट्स म्हणतात आणि जो लाँग कोविडमध्ये वारंवार आढळतो. किशोरवयीनांसाठी हाच आकडा ४० आहे. ही दोन्ही चित्रे ओळखायला नाडी व रक्तदाब मोजता येणे आणि भिंतीवर घड्याळ असणे पुरते. पण बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब बसून मोजला जातो, एकदाच मोजला जातो, आणि तो नॉर्मल निघतो. उभे राहिल्यावर होणाऱ्या त्रासासाठी बसवून तपासलेल्या रुग्णाला ‘काही नाही’ असे सांगणे हे वैद्यकशास्त्राच्या इतिहासात प्रथमच घडते आहे असेही नाही. जेकब डा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धातील तीनशे सैनिकांचे वर्णन १८७१ मध्ये केले, त्यांत धडधड, दम, चक्कर आणि श्रम न झेपणे ही लक्षणे होती आणि त्यांतील अनेकांचा त्रास ताप किंवा अतिसाराच्या आजारानंतर सुरू झाला होता. पुढच्या शतकभरात या अवस्थेला सैनिकाचे हृदय, श्रमलक्षणसमूह, चिंताविकार अशी नावे बदलत गेली आणि रुग्णांच्या चारित्र्याविषयी बरेच काही लिहिले गेले. पॉट्सच्या आजच्या व्याख्येचा पाया १९९३ मध्ये शोंडॉर्फ आणि लो यांनी घातला, तोही नाडी मोजून.

आता चिंतेचा मुद्दा. चक्कर आणि चिंता यांचा संबंध खरा आहे आणि तो नाकारणारे रुग्णांचे हितचिंतकही चूक करतात. तोलाची माहिती ज्या मेंदूच्या देठातील केंद्रांत येते, तिथून भीतीशी संबंधित भागांकडे जाणारे मार्ग शरीरातच आहेत, त्यामुळे पायाखालची जमीन हलल्यासारखे वाटणाऱ्या माणसाला भीती वाटणे हा त्याच्या स्वभावाचा दोष नसून मेंदूच्या जोडणीचा परिणाम असतो. तोलविकारांच्या अभ्यासकांच्या बारानी सोसायटीने २०१७ मध्ये निकष ठरवलेली एक अवस्था या संदर्भात महत्त्वाची आहे : कानाच्या किंवा इतर आजाराच्या एका झटक्यानंतर तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी, उभे राहिल्यावर, हालचालीत आणि गर्दीच्या, हलत्या दृश्यांत वाढणारी अस्थिरता, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीपीपीडी म्हणतात. तिच्यात मेंदू तोलाच्या धोक्याची सूचना मागे घेत नाही आणि दृष्टीवर अवाजवी विसंबू लागतो. या अवस्थेत एमआरआय नॉर्मल असणे अपेक्षितच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद मानसिक विकारांच्या प्रकरणात केलेली नाही. ती कानाच्या विकारांच्या प्रकरणात आहे. म्हणजे प्रतिपक्ष ज्या ‘कार्यात्मक’ या शब्दाचा आधार घेतो, त्याचा अर्थ काल्पनिक असा होत नाही. रचना शाबूत असून कार्य बिघडले आहे, एवढाच होतो, आणि बिघडलेल्या कार्यावर ठरावीक उपचार आहेत. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य त्या उपचारांच्या आड येते, कारण ज्याला काही झालेले नाही त्याला तोलाचे व्यायाम कोण शिकवणार?

प्रतिपक्षाचा सर्वांत गंभीर पुरावा फ्रान्समधून आला आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ‘कॉन्स्टान्स’ या मोठ्या लोकसमूहातील २६,८२३ जणांच्या अभ्यासात, जो २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला, टिकून राहणाऱ्या लक्षणांचा संबंध रक्तातील प्रतिपिंडांपेक्षा ‘आपल्याला कोविड झाला होता’ या समजुतीशी अधिक दिसला. प्रतिपिंडांशी स्वतंत्र संबंध उरला तो वास जाण्याचा. यावरून अनेकांनी लक्षणे समजुतीतून निर्माण होतात असा अर्थ काढला. पण त्या अभ्यासाने कोणालाही फोमवर उभे केले नव्हते, कोणाची उभ्याने नाडी मोजली नव्हती. त्याने प्रश्नावलीतील उत्तरांची तुलना एका अशा रक्तचाचणीशी केली जी प्रत्येक संसर्ग पकडत नाही आणि काही जणांत काळाबरोबर ऋण होते. चाचणीने चुकवलेला संसर्ग आणि रुग्णाने बरोबर ओळखलेला संसर्ग यांचा फरक अशा मांडणीत ‘समजूत’ म्हणूनच दिसणार. महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांच्या पाहणीत झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडे आढळली होती आणि त्यांतल्या बहुसंख्यांची आरटी-पीसीआर चाचणी कधीच झालेली नव्हती. अशा लोकांकडे आज ‘कोविड झाल्याचा कागद दाखवा’ अशी मागणी करणे म्हणजे व्यवस्थेने न दिलेल्या कागदाचा दोष त्यांच्यावर टाकणे ठरते. इथे २००६ सालच्या चिकुनगुनियाची आठवण अनेकांना असेल. त्या तापानंतर लोकांचे सांधे कित्येक महिने दुखत राहिले आणि त्याला मनाचा खेळ म्हणण्याची वेळ सहसा आली नाही. सांधा सुजलेला दिसत होता हेच त्याचे मुख्य कारण असावे.

उरतो अशक्तपणाचा मुद्दा आणि त्यावर दिला जाणारा व्यायामाचा सल्ला. दीर्घ आजारानंतर स्नायू क्षीण होतात आणि त्याने तोल बिघडतो, हे निर्विवाद आहे. अतिदक्षता विभागात आठवडे काढलेल्या रुग्णाला तर हे पूर्णपणे लागू होते. पण ज्यांनी सौम्य आजारात पाच-सात दिवस घरी काढले त्यांच्या वर्षभराच्या त्रासाला हे कारण पुरत नाही, आणि त्याची तपासणीही झाली आहे. बॉस्टनमध्ये हृदय व धमन्यांत नळ्या घालून केलेल्या श्रमचाचणीत दहा रुग्णांची दहा निरोगी व्यक्तींशी तुलना झाली, तेव्हा रुग्णांत हृदयाचे पंपिंग कमी पडत नव्हते, तर स्नायूंना रक्तातील प्राणवायू उचलता येत नव्हता; निव्वळ सवय मोडल्याने येणाऱ्या दुर्बलतेत चित्र वेगळे असते. ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ रुग्णांच्या स्नायूंचे नमुने श्रमापूर्वी आणि श्रमानंतर तपासले, तेव्हा श्रमाने स्नायूंतील इजा वाढल्याचे आढळले. हे आकडे लहान आहेत, पण रुग्ण जे सांगतात, की झेपण्यापलीकडे श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी लक्षणे उसळतात, त्याला शरीरातला आधार त्यांनी दिला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने दीर्घ थकव्याच्या आजारासाठी क्रमाक्रमाने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस २०२१ मध्ये काढून टाकली, ती याच अनुभवामुळे.

यावरून व्यायाम निषिद्ध ठरतो असे समजणे मात्र दुसऱ्या टोकाचे ठरेल. तोलाचे पुनर्वसन ही जुनी आणि गुणकारी पद्धत आहे. इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी १९४० च्या दशकात नजर, डोके आणि शरीर यांच्या हालचालींची जी मालिका बसवली, तिचेच विकसित रूप आज वापरले जाते आणि मेंदूला पुन्हा वजन बदलायला शिकवते. प्रश्न मात्रेचा आहे. ज्याला श्रमानंतर उसळी येते त्याला बसून, दिवसातून दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करावी लागते आणि वाढ वेळापत्रकाने नव्हे तर दुसऱ्या दिवसाची अवस्था पाहून करावी लागते. ज्याला पॉट्स आहे त्याला आधी पाणी, मीठ आणि पायांवरचे दाबमोजे यांची गरज असते. ‘रोज पाच किलोमीटर चाला’ या सल्ल्यात यातले काहीच नसते.

दुसऱ्या बाजूलाही दोष द्यायला हवा. कोविडनंतर सुरू झालेली प्रत्येक चक्कर लाँग कोविडच्या खात्यात टाकणे तितकेच घातक आहे, आणि भारतात तर अधिकच. आंतरकर्णातील सूक्ष्म खडे जागेवरून सरकल्याने कुशीवर वळताना येणारी गरगर एका साध्या स्थितिचाचणीने ओळखता येते आणि डोके ठरावीक क्रमाने फिरवून बहुधा एका बैठकीत जाते; तिला वर्षभर लाँग कोविड म्हणत बसणे ही उपेक्षाच. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाठीच्या कण्यातील नेमके तेच मार्ग बिघडवते ज्यांचा शोध रोमबर्गची चाचणी घेते, आणि पुण्यात चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत या जीवनसत्त्वाची पातळी कमी आढळली होती. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके केसपेशी मारतात. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रांनी मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि साखर वाढते, आणि वाढलेली साखर पुढे पायांच्या चेतातंतूंना ग्रासते. यांतल्या काही गोष्टी कोविडच्या लाटांमध्ये रुग्णालयात राहिलेल्या अनेकांच्या वाट्याला आलेल्या आहेत. व्याख्येतच ‘दुसऱ्या निदानाने उलगडा होत नाही’ अशी अट आहे, आणि ती अट पूर्ण करायची तर आधी ही निदाने शोधावी लागतात.

याऐवजी प्रत्यक्षात काय होते? मानेचा एक्स-रे काढला जातो, चाळिशीनंतर बहुतेकांत दिसणारे झिजेचे फरक त्यात दिसतात, आणि ‘मानेचा स्पॉन्डिलायसिस’ असे लिहून गळ्यात पट्टा बांधला जातो, ज्यामुळे मानेच्या हालचालीतून मेंदूला मिळणारी माहितीही घटते. सोबत सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन महिनोन्महिने चालू राहते. तीव्र चक्कर आणि उलट्यांच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत या औषधांचा उपयोग असतो. दीर्घकाळ घेतली तर ती मेंदूची भरपाईची प्रक्रिया मंदावतात आणि ज्येष्ठांमध्ये कंपवातासारखी लक्षणे निर्माण करून चाल आणखी बिघडवतात. ‘काही नाही’ असे म्हणत नॉर्मल अहवाल हातात देणारी व्यवस्था त्याच रुग्णाला तोल बिघडवू शकणारी गोळी देते, ही विसंगती तिच्या समर्थकांच्या नजरेत भरू नये याचे आश्चर्य वाटते. जगभरात पडण्यामुळे दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यामुळे तोल जाणे ही किरकोळ तक्रार मानण्याला तसाही आधार नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा असतो : फोर्स प्लेट किती रुग्णालयांत आहे, आणि एका रुग्णामागे तीन मिनिटे मिळणाऱ्या डॉक्टरने हे सगळे कधी करायचे? यंत्राबाबतचा आक्षेप खरा असला तरी निर्णायक नाही. पाच मिनिटे आडवे झोपवून आणि मग उभे राहिल्यावर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटाला नाडी आणि रक्तदाब, डोळे उघडे आणि मिटलेले ठेवून आधी फरशीवर व मग जाड फोमवर तीस-तीस सेकंद उभे करणे, चालताना शंभरातून सात सात वजा करायला लावणे, डोके झटक्यात फिरवून नजर घसरते का ते पाहणे, कुशीवरची स्थितिचाचणी, आणि ब-१२ व साखर यांची रक्ततपासणी. यासाठी लागणारे सामान ग्रामीण रुग्णालयातही जमते, लागणारा वेळ अर्ध्या तासाच्या आसपास असतो आणि त्यातला मोठा भाग परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट सांभाळू शकतात. ज्या रुग्णाचा एमआरआय दोनदा झाला आहे त्याचा रक्तदाब उभ्याने एकदाही मोजला गेला नसेल, तर त्याचे कारण साधनांच्या टंचाईत सापडणार नाही.